कनकम्माचं कारलं

ब्राह्मणपुरी
ता. ६ जुलै १९६४

निर्मला,

आशीर्वाद लिहीत नाही. तुला ते नको असतील, आणि मलाही उगाच लिहायचा कंटाळा. सहा वर्षांनी माझं अक्षर बघून दचकू नको. घरात सगळे जिवंत आहेत. कोणी मेलं म्हणून लिहीत नाही.

काम एवढंच. तू इथे होतीस तेव्हा ते कारलं करायचीस, तुमच्या तिकडचं, लालभडक, आंबट-तिखट, बरणीत भरून ठेवायचीस. ते कसं करतात ते लिहून पाठव. घरात एका माणसाला हवं आहे. कोणाला ते तुला कशाला पाहिजे. हवं आहे, बस.

मी काही अडाणी नाही, दोनदा करून पाहिलं. पहिल्यांदा कारली चिरली, मीठ चोळलं, कडू पाणी निघेपर्यंत दोन्ही हातांनी पिळली, शेंगदाण्याच्या तेलात तळली, वर काळा मसाला, खोबरं आणि दाण्याचा कूट घातला. चांगलं झालं होतं. पण त्या माणसानं एक घास खाल्ला आणि ताटली सरकवली. म्हणे, "हाई तं आपली भाजी शे. ते नही." दुसऱ्यांदा मिरची दुप्पट घातली. आंबट काय होतं ते आठवेना, म्हणून तोरणमाळकडची बाई आमचूर घेऊन येते तिच्याकडचं आमचूर घातलं. तिसऱ्या दिवशी वर पांढरी बुरशी. तुझं तर महिना महिना टिकायचं.

तुझा बाप नंदुरबारच्या स्टेशनात नोकरीला होता, तू तिथल्या मराठी शाळेत सातवी शिकलीस, तेव्हा वाचता येत नाही असं सांगू नको. मी दुसरी शिकलेली, तरी स्वतः लिहिते आहे. वेलांट्या चुकल्या तर हस. मला इथून दिसणार नाही.

पाकिटावर बन्सीचं नाव मुद्दाम घातलं नाही. आईचं पत्र म्हटल्यावर तो फाडून टाकेल. माझाच मुलगा आहे, मला माहीत आहे.

लवकर लिही. कारल्याचा मोसम आहे, आणि तुला राग येत असला तरी मला थांबायला वेळ नाही.

फुलवंताबाई

ब्राह्मणपुरी
ता. २ ऑगस्ट १९६४

वरचं पत्र परत आलं. तेच पुन्हा आत घालते आहे.

पाकिटावर कोणी इंग्रजीत खरडलं होतं. शाळेतल्या गुरुजींना दाखवलं. ते म्हणाले, ह्या नावाची बाई त्या घरात राहत नाही असं लिहिलं आहे. मी म्हटलं, कशी नाही, सून आहे माझी, बापाच्या घरी गुंटूरला नवऱ्यासकट राहते, मुलानं तिकडे गेल्यावर बापाला एक कार्ड टाकलं होतं त्यावरचाच पत्ता आहे. गुरुजींनी चष्मा काढला. म्हणाले, "फुलवंताबाई, निर्मला हे नाव तिला लग्नात तुम्ही दिलंत. तिथे कोण ओळखणार? माहेरचं नाव काय?"

मला सांगता येईना. दीड वर्ष तू माझ्या घरात पाणी भरलंस, भाकरी थापल्यास. मला तुझं नाव ठाऊक नव्हतं. लग्नात कानावर पडलं असेल, मी ठेवलं नाही. घरी येऊन तापीला विचारलं तर ती बसल्या जागेवरून म्हणाली, "कनकम्मा." तुला गं कसं ठाऊक, म्हटलं. तर म्हणे, "तू वावरमा गई का मी तिले तेच नाव लिसनी हाका मारू. तिले बरं वाटे."

तेव्हा ती तेरा वर्षांची होती. मला कधी कळू दिलं नाही दोघींनी.

आता लपवून उपयोग नाही. कारलं तापीला हवं आहे. तिचं लग्न झालं, तळोद्याला दिली. पहिलटकरीण आहे, ओकाऱ्यांनी हैराण झाली म्हणून लवकरच माहेरी आणली. पाचवा सरत आला. भात नको, दूध नको, बाजरीची भाकरी समोर आली की तोंड फिरवते. रोज उठून एकच, "माय, माले वहिनीनं कारलं खावानं शे."

पोटुशीचा डोहाळा अडवू नये. अडवला तर मुलाची लाळ गळती राहते. मी असल्या गोष्टी मानते, तुला माहीत आहे. आणि कारल्यानं पोट पडतं हे गावभर सांगणारीही मीच. तुझं चार महिन्यांचं गेलं तेव्हा तुझी बरणी उकिरड्यावर नेऊन फोडली आणि बायकांना म्हटलं, ही कडू खाते म्हणून पोर गेलं. आता कोणत्या तोंडानं कारलं मागतेस, असं लिहू नको. मीच लिहिलं, तेवढा तुझा कागद वाचवला.

तापीनं तुझं काही बिघडवलेलं नाही. तिच्यासाठी लिही.

फुलवंताबाई

ब्राह्मणपुरी
ता. २४ ऑगस्ट १९६४

कनकम्मा,

तुझं पत्र पोचलं. वर नमस्कार नाही, खाली सही नाही. मीही आशीर्वाद लिहिला नव्हता. ठीक आहे.

तू लिहिलंस तसं केलं. तिळाचं तेल शहाद्याहून आणलं. कारली बारीक चिरून मीठ-हळद लावून ठेवली. पण पिळून निघालेलं पाणी फेकायचं नाही, चिंचेच्या कोळात घालून आटवायचं, हे वाचलं तेव्हा वाटलं तू सूड घेते आहेस. आमच्यात कारल्याचं पाणी कोणी ठेवत नाही. माझी आई मोरीत ओतायची, तिची आई मोरीत ओतायची. ते पाणी हातात धरून मी बराच वेळ उभी राहिले. तापी आतून ओरडली, "वहिनीनी लिखं तसंच कर ना वं." मग ओतलं पातेल्यात.

मेथी भाजून कुटली, मोहरी कुटली, नंदुरबारची मिरची, लसूण, सुपारीएवढा गूळ. तेल वर येईपर्यंत घोटत बसायला सांगितलंस, तशी बसले. हात भरून आला. शेवटी हिंग-कढीलिंबाची फोडणी पडली आणि घरात तो वास उठला. तू गेल्यापासून हा वास ह्या घरात नव्हता.

तापीनं दीड भाकरी खाल्ली. बोटं चाटली. मी बघत बसले.

हे सगळं मागल्या पडवीत केलं, दार लावून. पण वासाला दार काय करणार. शेजारची छबूबाई पदर खोचत आलीच. "काय वं फुलवंता, कारलाना वास यी ऱ्हायना. कोणले खावाडी ऱ्हायनी?" तोंडातून पटकन निघालं, "बन्सीना बापले. त्यासले साखर शे, वैद्यनी सांगं." बन्सीचा बाप ओट्यावर गुळाचा चहा पीत बसला होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं, कपाकडे पाहिलं आणि गप्प राहिला. गप्प बसायला तो पहिल्यापासून हुशार. सहा वर्षांपूर्वीही असाच बसला होता.

तू शेवटी एक विचारलंस. "तापीला हे द्यायला तुम्ही निघालात, म्हणजे तेव्हाचं खोटं होतं का? त्या दिवसापासून मी कारलं केलेलं नाही, खाल्लेलं नाही, आठवतं तसं लिहिलं आहे. मला अजून वाटतं की ते मीच केलं."

त्याचं उत्तर नंतर देते. आज तापीचं बघायचं आहे, घरात कामं आहेत.

चिंच नवी घालायची की जुनी? ते लिहिलं नाहीस. मी जुनी घातली.

फुलवंताबाई

ब्राह्मणपुरी
ता. ४ सप्टेंबर १९६४

कनकम्मा,

चिंचेचं तू लिहिलं नाहीस. मी तुझ्या जागी असते तर मीही लिहिलं नसतं.

सोमवारी सकाळी तापीच्या लुगड्याला डाग दिसला. ती दारात उभी राहून म्हणाली, "माय, हाई काय?" मी तिला बाजेवर निजवलं आणि दगूबाईला आणायला धावले. म्हातारी झाली आहे, पण गावात अजून बाळंतपणं तीच करते. तुझ्या वेळीही तीच होती.

धावताना माझ्या मनात पहिलं काय आलं ते सांगते. तापी वाचेल का, हे नाही आलं. लोक म्हणतील आईनंच कारलं खाऊ घातलं, हे आलं. पोटच्या पोरीच्या आधी ते आलं. आणि मग वाटलं, खरंच कारल्यानं झालं असेल तर? माझीच थाप, आणि तीच माझ्या पायात आली.

दगूबाईनं बघितलं, पोट चाचपलं, म्हणाली आठ दिवस उठू देऊ नको, बाकी काही नाही. मी तिला बाजूला घेऊन विचारलं, कारल्यानं तर नाही? तर माझ्यावर खेकसली. "कारलाले काय दोष देस वं? तवय बी तुले सांगं व्हतं मी."

हो. सांगितलं होतं. तुझी बरणी मी फोडली त्याच्या आधी, त्याच सकाळी, आपल्या चुलीपाशी. ती म्हणाली होती, असं कोणाचंही जातं, पोरीचा काही दोष नाही, तिला चार दिवस तूप-भात घाल. हे ऐकल्यावर मी उठले, बरणी उचलली आणि बाहेर गेले.

आता सगळंच लिहिते, परत माझ्याच्यानं लिहिणं होणार नाही.

बाहेर बायका जमल्या होत्या. परजातीची मुलगी आणली, देवी कोपली, असं चाललं होतं. छबूबाई म्हणत होती, आता ह्यांच्या घरी पाणी प्यायचं की नाही ते पंचांना विचारा. मला वाटलं देवीवर गेलं तर घर वाळीत पडेल, तापीचं लग्न अडेल. कारल्यावर गेलं तर गोष्ट तिथेच संपेल. म्हणून कारल्यावर ढकललं. हे एक कारण झालं. चांगलं दिसतं म्हणून आधी लिहिलं.

दुसरं असं, की मला बरं वाटलं. बन्सी तुझ्या मागेमागे फिरायचा. तू केलेलं खाऊन बोटं चाटायचा, माझ्या ताटाकडे बघायचा नाही. बरणी फुटली तेव्हा तू आतल्या खोलीच्या खिडकीतून बघत होतीस, मला दिसत होतीस. मी मुद्दाम जोरात बोलले.

आणि ते कारलं मीही खायचे. तू पाण्याला गेलीस की बरणीत बोट घालून. तू एकदा म्हणालीस, बरणी लवकर संपते. मी म्हटलं, मांजर असेल. झाकणाच्या बरणीत मांजर. तुला कळलं होतं, तू बोलली नाहीस.

बन्सीच्या आधी माझी दोन गेली. एक तीन महिन्यांचं, एक पाचाचं. तेव्हा मी कारल्याला शिवलेही नव्हते, मला ते आवडायचंच नाही, तुझ्या हातचं खाईपर्यंत. माझ्या सासूनं कोणाला दोष दिला नाही. ती दोन्ही वेळा माझ्याजवळ बसली होती.

तू विचारलंस ते खोटं होतं का. खोटं होतं. तू काही केलं नाहीस. मला तेव्हाही माहीत होतं.

हे बन्सीला वाचून दाखव. आज पाकिटावर दोघांची नावं घातली आहेत.

फुलवंता

ब्राह्मणपुरी
ता. १७ सप्टेंबर १९६४

कनकम्मा,

तुझं काही आलं नाही. मी वाट बघत नव्हते. पोस्टमन रोज दारावरून जातो म्हणून दिसतो.

गणपती उठायच्या आत तापीची ओटी भरली. सातवा लागला. ठरवलं, मूल नीट झाल्यावर बोललं तर काय बोललं, सगळं पार पडल्यावर कोणीही शूर होतं. आत्ताच, पोट असताना.

चूल ओट्यावर मांडली. जिथून तुझी बरणी घेऊन उतरले होते तिथेच. कारलं सगळ्यांच्या समोर चिरलं, पाणी सगळ्यांच्या समोर आटवलं. गावातल्या वीस-बावीस बायका आल्या होत्या. पानावर पुरणपोळी, वरण, भात, आणि डाव्या अंगाला चमचाभर लाल कारलं.

छबूबाईनं ते बघितलं आणि पान पुढे सरकवलं. "तूच तं गावभर सांगे, कारलानी पोट पडस म्हणीसन. आते सोतानी आंडेर तापीनं पाडनं शे का तुले?"

मी म्हटलं, "बस खाली, छबू. मन्ही वहूनं पोर कारलानी नही गयं. मी खोटं बोलनू."

मग मागून एकीनं विचारलं, "मंग कसानी गयं?"

"माले ठावं नही. दगूबाईले बी नही. तिनी माले त्याच दिनले सांगं व्हतं. मी बरणी फोडी, तिनं नाव खराब करं."

मला वाटलं होतं शिव्या देतील. शिव्या चालल्या असत्या. पण छबूबाई माझ्या खांद्यावर हात ठेवून, आजारी माणसाशी बोलतात तसं म्हणाली, "फुलवंता, तिन्ही चिठ्ठी उनी व्हती ना? चिठ्ठीमा करणी करीसन धाडी व्हई तिनी." बाकीच्यांच्या तोंडावर लगेच उजेड पडला. हे त्यांना पटलं. दोन्ही सुनांना घेऊन ती उठली, तिच्यामागे आणखी सात-आठ उठल्या. राहिल्या त्यांनी पुरणपोळी खाल्ली, कारलं तसंच ठेवलं.

खाल्लं फक्त दगूबाईनं. दात नाहीत, चोखून खाल्लं. म्हणाली, तिखट जास्त झालं.

तापीनं सगळ्यांदेखत तीनदा मागून घेतलं. माझ्या मुलीचं कौतुक मी करत नाही, पण त्या दिवशी ती सरळ बसली होती.

रात्री भांडी घासताना उरलेली पानं उचलली. प्रत्येकावर ते चमचाभर तसंच. फेकवेना. सगळं परत बरणीत भरलं. उष्टं नव्हतंच, कोणी शिवलं नव्हतं. आम्हा दोघींना हिशेबानं पंधरा दिवस पुरेल.

बन्सीचा बापही जेवला त्यातलं. म्हणाला, "हाई व्हतं का ते." एवढंच. सहा वर्षांत तुझ्याबद्दल त्याचं पहिलं वाक्य.

फुलवंता

ब्राह्मणपुरी
ता. २० डिसेंबर १९६४

कनकम्मा,

तापीला मुलगी झाली. डिसेंबरच्या पाचव्या तारखेला, सकाळी. दगूबाईचे हात थरथरत होते पण झालं नीट. मुलगी काळीसावळी आहे, केस भरपूर, आणि आवाज इतका की छबूबाईच्या घरापर्यंत जातो. जाऊ दे. शेवटपर्यंत तापीनं कारलं सोडलं नाही.

मला वाटलं, आता तरी लोक मानतील. छबूबाई बघायला आली, पाळण्यात वाकली, म्हणाली, "तापी हाडनी मजबूत शे, म्हणीसन पचनं तिले." म्हणजे मूल गेलं तर कारल्यानं, आणि राहिलं तर हाडानं. मी दार दाखवलं तिला.

काल शहाद्याच्या बाजाराला गेले होते. वेलावरची शेवटची कारली आली होती, लहान, वाकडी. माझ्या शेजारी एक सासू-सून बसल्या होत्या, डोंगराच्या पायथ्याच्या कुठल्या गावच्या. मी त्यांना ओळखत नाही, त्या मला ओळखत नाहीत. सुनेचं पोट दिसत होतं. तिनं चार कारली उचलून पदरात घेतली. सासूनं तिचा हात धरला.

"ठेव ते. ब्राह्मणपुरीमा एक दक्षिणनी वहू व्हती. रोज कारलं खाये. पोर गयं तिनं."

मी खाली बसले होते, तशीच वळले. म्हटलं, "ती मन्ही वहू. तिनं नाव कनकम्मा शे. कारलानी नही गयं. ती गोट मी बनाडी."

ती बाई हसली. वाईट हसली नाही, समजूत काढल्यासारखी हसली. "तुम्हले काय ठावं, मावशी. मन्ही नणंदनी डोयाघाई देखेल शे."

तिची नणंद. तिनं डोळ्यांनी पाहिलं आहे. मी तिथे बरणी घेऊन उभी होते तेव्हा ही नणंद कुठे होती, देव जाणे. मी परत सांगितलं, मोठ्यानं सांगितलं, आजूबाजूच्या टोपल्यावाल्या बघायला लागल्या. सासू उठली. सून माझ्याकडे बघत होती. मग तिनं पदरातली कारली एक एक काढून टोपलीत परत ठेवली. शेवटचं ठेवताना जरा थांबली, पण ठेवलं.

ती कारली मी घेतली.

सहा वर्षांपूर्वी मी उकिरड्यावर उभी राहून फार तर दहा वाक्यं बोलले असेन. ती आता माझी राहिली नाहीत. ती चालत पायथ्यापर्यंत गेली, तिथे त्यांना नणंद मिळाली. अक्कलकुव्याच्या बाजारातही कोणी सांगत असेल. मी बाजारोबाजार किती फिरू? फिरेन. पुढच्या बाजारालाही जाणार आहे, त्याच टोपलीपाशी बसणार आहे, ऐकेल तिला सांगणार आहे. पण माझे पाय दुखतात आणि त्या गोष्टीचे दुखत नाहीत.

म्हणून तुला लिहिते. तुझं पत्र ऑगस्टनंतर आलं नाही. बन्सीचंही नाही. माफ कर असं मी लिहीत नाही, ते मागायला मी कोण. इकडे ये असंही लिहीत नाही. आलीस तर छबूबाई तुझ्याकडे कशी बघेल ते मला माहीत आहे, आणि त्याला मी जबाबदार आहे.

एकच सांगते, आणि हे सासूनं सांगितलं म्हणून ऐकू नको, तुझ्या बरणीत बोट घालणाऱ्या बाईनं सांगितलं म्हणून ऐक. गावानं मानलं नाही तर नाही. त्या पायथ्याच्या सुनेनं कारली परत ठेवली, मला तिला अडवता आलं नाही. तू ठेवू नको.

उद्या कारली आण. तुमच्याकडे बारा महिने मिळतात, तूच सांगायचीस. मीठ-हळद लाव, पाणी फेकू नको, तेल वर येईपर्यंत घोट. बन्सीला वाढ आणि समोर बसून तू खा.

खाल्लंस की एक कार्ड टाक. त्यावर एवढंच लिही, खाल्लं. नाव घातलं नाहीस तरी चालेल. तुझं अक्षर मी आता ओळखते.

फुलवंता